आवाज मोठा, पण शब्द कळेना

मुकुंदवाडीच्या एका वाचक भगिनीचे पत्र आम्हाला आले. वहीची दोन पाने, साधी भाषा. पण वाचून आम्ही अस्वस्थ झालो. त्या लिहितात : "मुलाने बोनसच्या पैशातून, बाकीचे हप्ते करून होम थिएटर घेतले. पाच लहान स्पीकर आणि एक मोठा डबा. घरात सगळ्यांना आनंद झाला. पण तेव्हापासून शेजाऱ्यांशी बोलणे बंद झाले आहे. त्यांचे मालक रात्रपाळी करून सकाळी झोपतात. आमच्या डब्याने त्यांची भिंत धडधडते. आवाज कमी केला तर आमच्या मालकांना टीव्हीतले बोलणे कळत नाही. वाढवला तर पलीकडून भिंत ठोकतात. वीस वर्षांचा शेजार एका डब्यापायी तुटायची वेळ आली आहे. तुम्ही काही सांगाल का?"

वाचकहो, हे पत्र एकाच घराचे आहे असे आम्हाला वाटत नाही. आपल्या शहरात मुकुंदवाडी असो, रमानगर असो, भीमनगर-भावसिंगपुरा असो, घराला घर लागून आहे. दोन कुटुंबांच्या मध्ये एकच सामाईक भिंत, तीही बहुधा चार इंची. वर कुठे स्लॅब, कुठे पत्रे. अशा घरांत आता मोठा टीव्ही आला, त्याच्यामागून साउंडबार आणि वूफर आला. कष्टाच्या पैशाने आणलेल्या वस्तूचा आनंद घ्यावा, यात चूक काहीच नाही. एक काळ असा होता की गल्लीत एकाच घरी टीव्ही असायचा आणि आपली मुले त्या घराच्या दारात उभी राहून पाहायची. आपल्याच जिल्ह्यात चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात रंगीत टीव्ही तयार होत होते, आणि ते जोडणाऱ्या कितीतरी हातांच्या स्वतःच्या घरी टीव्ही यायला वर्षे लागली. तेव्हा कुणी होम थिएटर घेतले म्हणून नाक मुरडणाऱ्यांतले आम्ही नाही. पण वस्तू घरात आली की तिची रीतही घरात यायला हवी. म्हणून या वेळी या डब्याविषयीच बोलू.

एका रविवारी दुपारी आम्ही त्या भगिनींच्या घरी गेलो. बरोबर आमचे एक स्नेही होते. त्यांचा हात रेडिओ, टेप आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेला आहे. जयभीम झाला, पाणी झाले, चहा झाला. घर दोन खोल्यांचे. पुढची खोली दहा बाय बारा. एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला लागून दादांची खाट. दादा म्हणजे त्या भगिनींचे मालक, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला बावीस वर्षे काम केलेले. वूफरचा डबा कोपऱ्यात, नेमका शेजाऱ्यांच्या भिंतीला चिकटवून ठेवलेला. त्याच्यावर मांडणी आणि मांडणीवर स्टीलची ताटे.

मुलाने उत्साहाने सिनेमा लावला. पडद्यावर गाडी उलटली आणि मांडणीवरची ताटे वाजली, खाट थरथरली. मग दोन माणसे बोलू लागली. दादा आमच्याकडे वळून म्हणाले, "आवाज तर लई येतो भाऊ, पण शब्द कळंना." त्यांनी रिमोट घेऊन आवाज आणखी वाढवला. लगेच पलीकडून भिंतीवर तीन ठोके पडले.

आमच्या स्नेह्यांनी टीव्ही बंद करायला सांगितले आणि मुलाला विचारले, "या डब्याचे काम काय, ठाऊक आहे का?" मुलगा म्हणाला, "बेस देतो." "म्हणजे काय?" तेव्हा तो गप्प झाला. त्याला दोष नाही. दुकानदाराने त्याला वॅट सांगितले होते, हप्ता सांगितला होता. डब्याचे काम कुणी सांगितलेच नव्हते.

चाट आणि डग्गा

आपल्याकडे हा विषय समजावायला परक्या उदाहरणांची गरज नाही. भीमगीतांच्या कार्यक्रमात तबल्याची जोडी सगळ्यांनी पाहिली आहे. उजव्या हाताखालचा तबला टणक, उंच आवाजात बोलतो. डाव्या हाताखालचा डग्गा घुमतो. डग्ग्याचा तो घुमणारा, खालचा आवाज म्हणजे खर्ज. इंग्रजीतला बेस तो हाच.

आवाज म्हणजे हवेचे कंपन. एका सेकंदात किती वेळा कंपन झाले ते हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाचा धडधाकट कान साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर ढोबळमानाने ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, स्त्रीचा त्याच्या वर. पण 'स', 'श', 'त', 'क', 'फ' ही अक्षरे कानाला ओळखू येतात ती दोन-चार हजार हर्ट्झच्या आणि त्यावरच्या आवाजांमुळे. म्हणजे बोलण्याचा भरदारपणा खालच्या आवाजात असतो आणि अर्थ वरच्या आवाजात असतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. दादांच्या तक्रारीचे मूळ इथेच आहे.

दुसरी गोष्ट लहरीच्या लांबीची. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो. १,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर फूटभराहून थोडी मोठी, सुमारे ३५ सेंटिमीटर असते. ५० हर्ट्झच्या आवाजाची लहर जवळजवळ सात मीटर, म्हणजे तेवीस फूट. २० हर्ट्झची लहर सतरा मीटर. दहा बाय बाराच्या खोलीत तेवीस फुटांची लहर कशी मावेल? ती भिंतींवर आदळत राहते आणि भिंतींनाच हलवते. मिरवणुकीत डीजेसमोर उभे राहिल्यावर छातीत जे धडधडते ते हेच. तो आवाज कानाइतकाच अंगालाही जाणवतो.

'पॉइंट वन'ची कथा

होम थिएटरच्या खोक्यावर ५.१ असे छापलेले असते. पाच म्हणजे पाच स्पीकर : समोर डावा, उजवा, मधला, आणि मागे किंवा बाजूला दोन. मग हा पॉइंट वन कसला?

सिनेमावाल्यांना फार पूर्वीपासून एक अडचण होती. भूकंप, स्फोट, विमान यांचा गडगडाट नेहमीच्या स्पीकरमधून खरा वाटत नसे. १९७४ साली 'अर्थक्वेक' हा अमेरिकन चित्रपट आला तेव्हा चित्रपटगृहांत खास मोठे स्पीकर बसवून प्रेक्षकांना भूकंपाचा हादरा दिला गेला. या पद्धतीला 'सेन्सराउंड' असे नाव होते. लोकांनी गर्दी केली. पण जिथे एकाच इमारतीत दोन पडदे होते, तिथे शेजारच्या पडद्यावर शांत चित्रपट पाहणाऱ्यांनाही तो गडगडाट ऐकू येई आणि तक्रारी होत. म्हणजे आपल्या मुकुंदवाडीचे भांडण पन्नास वर्षांपूर्वी तिकडेही झालेले आहे!

आपल्याकडे १९७५ साली 'शोले' ७० मिलिमीटरच्या पडद्यावर सहा ट्रॅकच्या आवाजासह आला. फेकलेल्या नाण्याचा खणखणाट ज्यांनी मोठ्या चित्रपटगृहात ऐकला ते अजून त्याची आठवण काढतात. पुढे १९७७ साली 'स्टार वॉर्स'च्या वेळी ७० मिलिमीटरच्या प्रतींवरचे ट्रॅक खास खर्जासाठी वापरण्यात आले. आणि १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटापासून डॉल्बीची ५.१ डिजिटल पद्धत चित्रपटगृहांत आली. त्यात खर्जाच्या खास परिणामांसाठी एक वेगळी वाट ठेवलेली असते. या वाटेवरून साधारण १२० हर्ट्झच्या खालचाच आवाज जातो. बाकीच्या पाच वाटा २०,००० हर्ट्झपर्यंत जातात, ही मात्र तिचा अगदी लहान हिस्सा घेते. म्हणून तिला पूर्ण एक न म्हणता पॉइंट वन म्हणतात.

आता नेहमीचा गैरसमज पाहा. पुष्कळांना वाटते की वूफर म्हणजेच पॉइंट वन आणि त्याच्याशिवाय खर्ज नाहीच. तसे नाही. गाण्यातला डग्गा, ढोलकीचा घुमारा, पुरुषाचा भारदस्त आवाज हे सगळे मुख्य पाच वाटांमध्ये असतेच. पॉइंट वनची वाट स्फोटासारख्या जादा परिणामांसाठी आहे. सिनेमात दोन-अडीच तासांत ती काही मिनिटेच बोलते. रोजची मालिका किंवा बातम्या बहुधा दोनच वाटांनी येतात, त्यात पॉइंट वन नसतेच. मग मालिका पाहतानाही डबा का घुमतो? कारण घरातले लहान स्पीकर तळहाताएवढे असतात, त्यांना खालचा आवाज पेलत नाही. म्हणून यंत्र तो आवाज त्यांच्याकडून काढून डब्याकडे पाठवते. डब्याकडे अशी दोन कामे असतात : सिनेमातला जादा गडगडाट, आणि लहान स्पीकरना न झेपलेला रोजचा खर्ज.

चांगल्या यंत्रात ही विभागणी ८० हर्ट्झच्या आसपास केलेली असते. स्वस्त संचात स्पीकर फारच लहान असल्याने ती दीडशे-दोनशेपर्यंत वर सरकते. मग पुरुषाच्या आवाजाचा खालचा भागही कोपऱ्यातल्या डब्यातून येऊ लागतो, आणि पडद्यावरचा माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो.

शिवाय सिनेमाची ही खर्जाची वाट यंत्रात मुळातच बाकीच्या वाटांपेक्षा दहा डेसिबल चढी वाजवायची ठरलेली असते. म्हणजे बनवणाऱ्याने मीठ आधीच घातलेले असते. आपण डब्याचे बटण पूर्ण फिरवतो तेव्हा खारट भाजीत आणखी मूठभर मीठ टाकतो.

दादांचे कान

आमच्या स्नेह्यांनी दादांना सहज विचारले, "दादा, फोनवर बोलताना बाईमाणसाचे बोलणे नीट कळते का?" दादा म्हणाले, "नातीचं बोलणं तर अजिबात कळत न्हाई. आई तिला म्हणती, आजोबाला वरडून सांग."

बावीस वर्षे प्रेसच्या दणक्यात उभे राहिलेल्या माणसाचे हे उत्तर ऐकून आम्हाला नवल वाटले नाही. दिवसाला आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज वर्षानुवर्षे कानावर पडला तर कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. यात पहिला मार बसतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या वरच्या आवाजांना. खालचा आवाज पुष्कळ वर्षे ठीक ऐकू येतो. म्हणून अशा माणसाला कुणी बहिरा म्हणत नाही, तो स्वतःलाही म्हणत नाही. त्याला आवाज येतो, पण 'स' आणि 'श' येत नाहीत, 'त' आणि 'क' येत नाहीत. घरची माणसे म्हणतात, "लक्ष देत नाहीत." तो म्हणतो, "तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता."

असा माणूस रिमोट हातात घेऊन आवाज वाढवतो. त्याला हवी असतात अक्षरे. पण वाढतो सगळाच आवाज, आणि वूफर आधीच चढा असल्याने सर्वांत जास्त धडधड खर्जाचीच होते. कानाचा आणखी एक स्वभाव आहे. मोठा खालचा आवाज त्याच्या वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. गिरणी चालू असताना पिठवाल्याशी बोलून पाहा, म्हणजे कळेल. तेव्हा दादा जितका आवाज वाढवत होते तितके शब्द जास्त बुडत होते. आणि पलीकडे भिंत ठोकणाऱ्याला वाटत होते की हे मुद्दाम चालले आहे.

खोली आणि भिंत

खर्जाच्या बाबतीत खोली हाही यंत्राचाच एक भाग असतो. वेरूळला दहा क्रमांकाच्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यगृहात, आपण सहलीला जातो. तिथे हळू आवाजात त्रिशरण म्हटले तरी ते घुमत राहते. गाणारा तोच असतो, फक्त भोवती दगड असतो आणि वर कमानीचे छत असते. आपल्या लहान खोलीचाही असा एक स्वभाव असतो, पण तो तितका गोड नसतो. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतीभिंतीत अडकून फुगतो, दहा फुटांच्या बाजूला ५७ च्या आसपासचा. उंचीही दहाच फूट असेल तर तोच सूर दुप्पट फुगतो. म्हणून लहान चौकोनी खोलीत सगळीच गाणी एकाच 'धूम धूम' आवाजात वाजल्यासारखी वाटतात. हा फुगवटा भिंतीजवळ आणि कोपऱ्यात सर्वांत जास्त असतो, खोलीच्या मध्यावर कमी. त्या घरात डबा कोपऱ्यात होता आणि दादांची खाट भिंतीला लागून. म्हणजे फुगलेला आवाज सुरू होतो तिथे डबा आणि पोचतो तिथे दादांचे डोके!

आता शेजाऱ्यांच्या भिंतीचे पाहू. भिंत बारीक आवाज चांगला अडवते, जाड आवाज वाईट अडवते. ढोबळ नियम असा की आवाजाची कंपने निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची ताकद सुमारे सहा डेसिबलने घटते. म्हणून शेजारच्या घरात आपले संवाद जात नाहीत, गाणेही जात नाही, फक्त 'धूम धूम' जाते. गाणे ऐकू आले तर माणूस एक वेळ सोसतो. अर्थ नसलेली धडधड झोपलेल्या माणसाच्या उशीखाली येते. ती सोसत नाही.

काही जण भिंतीला अंड्याचे ट्रे किंवा पातळ फोम लावायला सांगतात. वाचकहो, त्याने खर्ज अडत नाही. तेवीस फुटांच्या लहरीला बोटभर जाडीचा पुठ्ठा काय करणार? उलट आग लागण्याचा धोका मात्र वाढतो.

कायदा आणि मीटर

कायदा आहे. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी यंत्राचा आवाज आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त चढता कामा नये, असेही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात हे नियम ठामपणे पाळायला सांगितले. ते प्रत्येकाने पाळलेच पाहिजेत.

पण खर्जाच्या बाबतीत एक मेख आहे. हे डेसिबल 'ए' नावाच्या मापाने मोजतात. माणसाचा कान खालच्या आवाजाला मंद असतो, म्हणून हे माप खालचा आवाज कमी धरते. ५० हर्ट्झला ते तब्बल तीस डेसिबल वजा करते. म्हणजे शेजारी ५० हर्ट्झचा ७० डेसिबलचा घुमारा पोचला तरी मीटर ४० दाखवील आणि सगळे नियमात बसेल. भिंत मात्र हलतच राहील. शिवाय रात्रपाळी करणाऱ्याची रात्र सकाळी आठला सुरू होते. ती कोणत्या नियमात लिहिलेली आहे? तेव्हा हा प्रश्न पोलीस चौकीत सुटणारा नाही. तो दोन घरांनी मिळून सोडवायचा आहे.

आम्ही काय केले

प्रथम आमच्या स्नेह्यांनी मुलाला शेजारी पाठवले. "काकांना म्हणावे, आवाज लावून बघतोय, पाच मिनिटे या." काका आले, पण खाली बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

मग डबा कोपऱ्यातून काढून चक्क दादांच्या खाटेवर, त्यांच्या बसायच्या जागी ठेवला. खर्ज असलेले एक गाणे सावकाश लावले आणि मुलाला सांगितले, "आता भिंतीच्या कडेने रांगत जा. डग्ग्याची थाप जिथे सुटी आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे थांब." मुलगा रांगू लागला तशी नात हसू लागली, काकाही हसले. शेजाऱ्यांची भिंत सोडून, टीव्हीच्या बाजूला कोपऱ्यापासून तीन-चार फुटांवर एक जागा सापडली. डबा तिथे ठेवला. डबा जिथून चांगला ऐकू येतो ती जागा आणि माणूस यांची अदलाबदल केली तरी आवाज तसाच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. डब्याखाली जाड रबरी चटई घातली, म्हणजे हादरा फरशीत कमी उतरतो. हवेतून जाणारा आवाज मात्र चटईने थांबत नाही, हे मुलाला बजावून सांगितले. ताटांची मांडणी आत गेली. खाट भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे सरकवली.

मग मधला स्पीकर शोधला. तो टीव्हीच्या मागे पडला होता. सिनेमातले बहुतेक संवाद याच स्पीकरमधून येतात! तो पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, तोंड दादांकडे करून ठेवला. सेट-टॉप बॉक्स दोनच वायरींनी जोडलेला होता, त्यामुळे मालिकेत मधला स्पीकर मुकाच राहायचा. रिमोटवर सराउंडचे बटण होते, ते दाबल्यावर बोलणे मध्ये आले. मधल्या स्पीकरचा आवाज चार पायऱ्या वाढवला, डब्याचा निम्म्याहून खाली आणला. 'नाइट' असे लिहिलेले बटण सापडले. त्याने मोठे आवाज दबतात आणि बारीक आवाज उचलले जातात. तेही दाबले.

तोच सिनेमा, तोच प्रसंग पुन्हा लावला. गाडी उलटली. खर्ज होता, पण ताटे वाजली नाहीत. मग दोन माणसे बोलली. दादा थोडे पुढे झुकले आणि म्हणाले, "आता कळतंय. तो म्हणतो, 'उद्या ये.'" आवाजाचा आकडा पूर्वीच्या निम्म्यावर होता.

काका म्हणाले, "एवढंच होतं व्हय? मला वाटलं, तुम्ही मुद्दामच करता." आणि ते खाली बसले.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

घ्यायला जाल तेव्हा खोक्यावरच्या हजारो वॅटना भुलू नका. 'पीएमपीओ' म्हणून छापलेला आकडा कशाचाच नसतो. 'आरएमएस' वॅट किती ते विचारा. दहा बाय बाराच्या खोलीला लहान डबा पुरतो. दुकानात गडगडाट ऐकण्याऐवजी बातम्या लावायला सांगा आणि शब्द स्वच्छ येतात का ते पाहा.

खर्ज कमी केला म्हणजे गाण्यातला जीव जातो, अशी भीती नको. जुन्या टेपरेकॉर्डरच्या चार इंची स्पीकरमधून डग्ग्याचा खालचा सूर जवळजवळ येतच नव्हता. तरी वामनदादा कर्डकांची आणि प्रल्हाद शिंद्यांची गाणी आपण त्यावर ऐकली आणि आपल्याला डग्गा ऐकू आला. कारण वरचे सूर ऐकून खालचा सूर मेंदू स्वतः भरून काढतो. चांगला खर्ज गाण्याखाली जोत्यासारखा असतो. घरात शिरताना जोते दिसत नाही, पण घर त्याच्यावरच उभे असते.

शेजारी रात्रपाळीला असतील, कुणाची परीक्षा असेल, तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल, तर डब्याची वायर काढून ठेवा. बाकीचे पाच स्पीकर चालू द्या. तेवढ्याने सिनेमा थांबत नाही. आणि स्वतःच्या घरी आवाज लावून एकदा शेजारच्या घरात जाऊन उभे राहा. आपला आवाज कसा आहे हे तिथेच कळते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरातला माणूस पुन्हा पुन्हा आवाज वाढवत असेल तर त्याच्यावर रागावू नका, त्याचे कान तपासून घ्या. घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, विमा असलेल्या कामगारांसाठी चिकलठाण्याला कामगार विमा रुग्णालय आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा हा कामगार विम्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे, हे फार थोड्या कामगारांना ठाऊक असते. तपासणीचा कागद जपून ठेवा. आणि आज जी मुले प्रेसवर, ग्राइंडिंगवर उभी आहेत, त्यांनी कानाला प्लग लावायला लाजू नये. कंपनीने दिले नाहीत तर मागावेत. गेलेले कान मागून मिळत नाहीत.

परवा त्या भगिनींचे दुसरे पत्र आले. दादांची तपासणी झाली. दोन्ही कानांत वरचे आवाज कमी झाले आहेत, यंत्र लावायचे ठरते आहे. त्या लिहितात : "बावीस वर्षे मी यांना म्हणत होते, तुमचे माझ्याकडे लक्ष नाही. आता कळले. कागद घेऊन आलो त्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसले आणि सावकाश, तोंडाकडे बघून बोलले. सगळे कळले त्यांना." पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : "काकांच्या घरून काल सांडगे आले."

जयभीम.